शेतावर नवीन पिल्लू आणि कानात ऑडिओबुक, कसं जमवता?

बांधावरचा_वाचक

मंडळी, शेतावर कुत्र्याचं नवीन पिल्लू आणलंय, दोन महिन्यांचं असेल. हातात पुस्तक धरून वाचणं सध्या बंदच झालंय, खाली ठेवलं की कोपरा त्याच्या तोंडात. म्हणून ऑडिओबुककडे वळलो. पण इअरबड घातले की पिल्लू मागे काय करतंय ते कळत नाही, आणि सारखं थांबवत थांबवत ऐकलं तर कोण कुणाला काय म्हणालं याचा पत्ता लागत नाही. रात्री त्याला बाहेर न्यायला उठतो तेव्हा ऐकून बघितलं तर पिल्लू झोपतं आणि मी जागा. इथे गुरं आहेत, कोंबड्या आहेत, ट्रॅक्टर आहे, फ्लॅटसारखं दार लावून टाकलं की झालं असं नाही.

तर तुम्ही कधी ऐकता, कशावर ऐकता, आणि कसली पुस्तकं चालतात? शिवाय पिल्लाला त्या आवाजाचा त्रास होतो का?

चार_पायांची_ताई

अहो ऐकायला वेळ भरपूर आहे, फक्त तुम्ही चुकीचा वेळ पकडताय. या वयाचं पिल्लू दिवसातले 18 ते 20 तास झोपतं. तासभर धिंगाणा आणि मग दीड-दोन तास झोप असं साधारण चक्र बसतं, आणि बसत नसेल तर बसवावं लागतं, कारण शेतावर बघायला इतकं काही असतं की पिल्लू दमलं तरी झोपत नाही आणि मग चावत सुटतं. लोकांना वाटतं मस्ती आली, खरं तर ते पेंगुळलेलं असतं. सावलीत क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) किंवा जाळीचं कुंपण करा, त्यात झोपवा आणि मग तुमचं पुस्तक लावा. गोठा झाडणं, खुराडं साफ करणं, निंदणी, पाण्याच्या नळ्या बघणं, ही सगळी हातांची कामं त्या वेळेसाठी राखून ठेवायची.

पिल्लू जागं आणि मोकळं असेल तेव्हा पुस्तक बंद, यात तडजोड नको. शिकवताना शाबासकी किंवा ट्रीट त्या कृतीनंतर एखाद्या सेकंदात मिळाली तरच त्याला कळतं की कशाबद्दल मिळाली. तुमचं अर्धं डोकं गोष्टीत असेल तर तो सेकंद जातो, आणि मग ते बसल्याबद्दलची ट्रीट उठल्यावर मिळते. शू-शीचंही तेच आहे, आधी वास घेत गोल फिरणं, खेळता खेळता अचानक थबकणं, या खुणा दोन-तीन सेकंदांच्या असतात. अंदाज म्हणून वयाचे जितके महिने त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते धरू शकतं, म्हणजे तुमचं तीनेक तास, आणि तेही झोपेत. जागेपणी झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की लगेच बाहेर.

गोठ्यातला_श्रोता

ताईंशी सहमत. मी कशावर ऐकायचं ते सांगतो. कान बंद करणारे इअरबड शेतावर नकोच, पिल्लू असो नसो. एक तर एकाच कानात घाला, नाहीतर बोन कंडक्शनवाले हेडफोन बघा, ते कानाच्या पुढच्या हाडावर बसतात आणि कान मोकळे राहतात, त्यामुळे गाय खुंट्याला हिसके देतेय, कोंबड्या ओरडतायत, मागे कुईं झालं, सगळं ऐकू येतं. आवाजाची क्वालिटी गाण्यांसाठी यथातथाच, पण माणूस बोलतोय ते ऐकायला पुरेशी. सगळ्यात सोपं म्हणजे फोन वरच्या खिशात आणि स्पीकर चालू.

ट्रॅक्टरवर मात्र काही ऐकू नका. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरचा आवाज सहज 90 डेसिबलच्या आसपास जातो, त्याच्यावर पुस्तक ऐकायचं म्हणजे कानात त्याहून मोठा आवाज सोडायचा, आणि 85 च्या वर रोज तासन् तास गेले की कानाची कायमची वाट लागते. आणि दुसरं, उभ्या ट्रॅक्टरखाली सावली असते, पिल्लू हमखास चाकाला टेकून झोपतं. स्टार्टर मारायच्या आधी खाली वाकून बघायचं आणि पिल्लू कुठे आहे ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

अजून एक, इअरबड कुठेही ठेवू नका हो! त्यात बारीक बॅटरी असते, पिल्लाने चावून गिळली तर आतून भाजतं. गिळलीच तर घरी उलटी करवायला जाऊ नका, थेट डॉक्टर.

मातीचे_पाय

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पहिले काही आठवडे ऑडिओबुक बाजूलाच ठेवा की राव. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात पिल्लू जे शांतपणे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं, आणि जे घाबरून बघतं त्याची भीती धरून बसते. तुमचं पिल्लू नेमकं त्याच्या मध्यावर आहे. गाईचं हंबरणं, पंपाचा आवाज, कोंबड्यांची फडफड, हे लांबून दाखवायचं, ते शांत राहिलं की ट्रीट द्यायची, मग थोडं जवळ. लस पूर्ण व्हायची असेल तर बाहेरच्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी उचलून न्या, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. कोंबड्यांच्या मागे मोकळं सोडायचंच नाही, लांब दोरीवर ठेवायचं, एकदा पाठलागाची मजा कळली की मग सोडवणं महाकठीण.

आणि शेतावर तोंडात घालायला काय कमी असतं का? उंदराचं औषध, खताची पोती, गुरांना पाजायच्या जंताच्या औषधाचे रिकामे डबे. उंदराच्या औषधांमध्ये रक्त गोठू न देणारी जी असतात त्यांची लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर आपण निवांत. जंताच्या औषधातलं आयव्हरमेक्टिन तर कोली जातीच्या कुत्र्यांना थोडंसुद्धा बाधू शकतं. हे सगळं उचलून कुलपात ठेवा, मग काय ऐकायचं ते ऐका.

चार_पायांची_ताई

डबे आणि औषधांचं शंभर टक्के बरोबर. पण बाजूला ठेवा म्हणणं नाही पटत, पिल्लू झोपलेलं असताना माणसाने काय भिंतीकडे बघत बसायचं का? पहिल्या महिन्यात झोपमोडीने माणूस इतका वैतागतो की चिडचिड पिल्लावरच निघते. रोज तासभर चांगली गोष्ट कानावर पडली तर सुसह्य होतं सगळं.

रात्रपाळी

पिल्लाला त्रास होतो का विचारलंय त्याचं कुणी सांगितलंच नाही. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या एका निवाऱ्यातल्या 31 कुत्र्यांवर अभ्यास झाला होता, शास्त्रीय संगीत, पॉप, खास कुत्र्यांसाठी बनवलेलं संगीत, ऑडिओबुक आणि काहीच नाही, असं आलटून पालटून लावून बघितलं. ऑडिओबुक चालू असताना कुत्रे जास्त पडून राहिले, विश्रांती जास्त घेतली. आता तो निवारा होता, तुमचं शेत नाही, आणि ते मोठे कुत्रे होते, त्यामुळे जादू होईल असं नाही, पण क्रेटजवळ हळू आवाजात लावून बघायला हरकत काय. हळूच मात्र, त्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात.

रात्रीचं म्हणाल तर बाहेर नेताना काही लावू नका. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, शू झाली की परत क्रेटमध्ये, म्हणजे रात्र ही कंटाळवाणी असते हे त्याला कळतं. तुम्ही परत अंथरुणात गेलात की आधी ऐकलेलं पुस्तक लावा, स्लीप टायमर 15 मिनिटांवर. नवीन पुस्तक लावलं की पुढे काय होतंय म्हणून डोळे टक्क उघडे.

दिवसा लघुकथा, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, असं मध्ये तुटलं तरी चालेल ते ऐका. पंधरा पात्रांची रहस्यकथा पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर. स्पीड वाढवू नका, उलट 30 सेकंद मागे जायचं बटण कुठेय ते न बघता सापडलं पाहिजे. शेतात नेटवर्क नसेल तर घरूनच डाऊनलोड करून न्या. इंग्रजी चालत असेल तर लिब्रीवॉक्स बघा, 2005 पासून चालू आहे, स्वयंसेवक कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचतात, सगळं फुकट. वाचणारा चांगला मिळेल की कंटाळवाणा हे नशीब, पण झोपेसाठी कंटाळवाणाही चालतो 😄

बांधावरचा_वाचक

भारी माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. उंदराच्या औषधाचा डबा आत्ताच वर टाकला. एकच शंका, नाट्यरूपांतरवाली ऑडिओबुकं असतात ना, पार्श्वसंगीत, घोडे, पाऊस वगैरे, ती स्पीकरवर चालतील का?

गोठ्यातला_श्रोता

एकट्याने वाचलेलंच घ्या. आमच्याकडे एका नाटकात कुत्रा भुंकला, तो आमच्या पिल्लाने उत्तर दिलं, त्याला शेजारच्या वस्तीवरच्याने दिलं, आणि मग गोष्टीत पुढे काय झालं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.