लहान मुलांच्या उलटीवर ऑन्डनसेट्रॉन की डॉमपेरिडॉन?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला काल रात्रीपासून उलट्या आणि जुलाब होत आहेत. वजन 11 किलो आहे. डॉक्टरांनी ऑन्डनसेट्रॉनचे सिरप 5 मिली, तेही एकदाच, द्यायला सांगितले आहे. सासूबाईंनी मात्र थोरल्याची उरलेली डॉमपेरिडॉनची बाटली काढून ठेवली आहे. त्यानेच तो बरा झाला होता, असे त्यांचे म्हणणे. दोन्हींत फरक काय, आणि एक डोस पुरतो का?

उत्तर (मिरज, औषधांचे दुकान)
डॉक्टरांचेच ऐकावे. इटलीत 1 ते 6 वर्षांच्या 356 मुलांवर झालेल्या चाचणीत ऑन्डनसेट्रॉनचा एक डोस दिलेल्यांपैकी सुमारे 12 टक्के मुलांना सलाईन किंवा नाकातल्या नळीची गरज पडली. डॉमपेरिडॉनच्या गटात हे प्रमाण 25 टक्के, तर नुसते गोड पाणी दिलेल्यांत 29 टक्के होते, म्हणजे डॉमपेरिडॉनचा फारसा उपयोग दिसला नाही. थोरला बहुधा आपोआपच बरा झाला असावा, कारण अशा उलट्या बहुतेकदा एक-दोन दिवसांत थांबतात. सिरपच्या 5 मिलीत साधारणपणे 2 मिलिग्रॅम औषध असते आणि 8 ते 15 किलोच्या मुलाला तेवढेच देतात. तरी बाटलीवरचा आकडा पाहावा. जास्त डोस दिल्यास जुलाब वाढू शकतात. हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. मेटोक्लोप्रामाइड या उलटीवरच्याच दुसऱ्या औषधाने लहान मुलांची मान वाकडी होऊन डोळे वर फिरू शकतात, म्हणून ते मनाने देऊ नये; प्रोमेथाझिन हेही उलटीवर देतात, ते तर दोन वर्षांखाली देऊच नये.

उत्तर (सातारा)
औषधापेक्षा आमचे चुकले ते पाण्यात. तहानेने कासावीस झालेल्या मुलाला मी ओआरएसचा पेला दिला, त्याने तो घटाघट संपवला आणि दोन मिनिटांत सगळा माझ्या मांडीवर ओकला. त्यानंतर औषध देऊन वीस मिनिटे थांबलो आणि घड्याळ समोर ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजला. मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे. पेल्यात अंदाजाने टाकू नये. उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, सहा-आठ तास शू झाली नाही, किंवा मूल मलूल पडले, तर घरी थांबू नये.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. सकाळी सिरप दिले, पोटात टिकले. अकराच्या सुमारास शूही झाली. जुलाब मात्र चालूच आहेत, त्यासाठी डॉक्टरांनी 14 दिवस झिंक दिले आहे. जुनी बाटली सासूबाईंनी अजून फ्रिजच्या दारातच ठेवली आहे.