'कॅरेक्टर ॲरे करा, सॉर्ट मारा, संपलं': काय संपलं?

काना_मात्रा
शेजारच्या धाग्यावर जावा शिकणाऱ्यांना सल्ला मिळालाय: "स्ट्रिंगचा कॅरेक्टर ॲरे करा, ॲरेज-डॉट-सॉर्ट मारा, परत स्ट्रिंग करा. युनिकोड आल्यापासून मराठीलाही हेच चालतं." खाली सगळे धन्यवाद सर, धन्यवाद सर.

सर, 'दादर' टाकून बघितलंत? द, काना, द, र असे चार कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले नंबर. काना सगळ्या व्यंजनांच्या पुढच्या नंबरावर, म्हणून तो सुटून शेवटी जातो आणि हाती येतं 'ददरा'. 'मुंबई'ची गत आणखी वाईट. अनुस्वार ०९०२ वर, म्हणजे सगळ्यांच्या आधी. तो ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून पुढे येतो आणि मागे 'ईबमु' लोंबतं. 'परळ' मात्र जसंच्या तसं, कारण प, र, ळ आधीच चढत्या क्रमाने आहेत. टेस्टमध्ये तेवढंच घातलं की बिल्ड हिरवं!

जावाचा कॅर म्हणजे १६ बिटांचा तुकडा. 'मुं'मध्ये असे तीन. आधी अक्षरं वेगळी करा: आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा ब्रेक-इटरेटर घ्या, किंवा जावा ९ पासून रेजेक्समध्ये (पॅटर्न शोधायच्या सोयीत) बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स चालतो. पायथॉनच्या मूळ 'आरई'मध्ये ती सोय नाही, 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल लागतं. मग 'मुं', 'ब', 'ई' ही यादी सॉर्ट करा.

फास्ट_लोकल
तो सल्ला माझाच. मूळ प्रश्न ॲनाग्राम (तीच अक्षरं उलटसुलट करून झालेला शब्द) ओळखायचा होता, ते सोयीस्करपणे गाळलंत. दोन्ही स्ट्रिंग सॉर्ट करून सारख्या आल्या की काम झालं. मधला 'ददरा' छापायचाय कुणाला?

काना_मात्रा
'कीव' आणि 'वीक' द्या तुमच्या कोडला. ॲनाग्राम म्हणेल. अक्षरांनी बघितलं तर एकीकडे की, व आणि दुसरीकडे वी, क. शब्दकोडं करणारा हे चालवून घेईल?

फास्ट_लोकल
मुलाखतीत हा प्रश्न इंग्रजी शब्दांवर विचारतात. शब्दकोड्याचं ॲप काढाल तेव्हा बघू.

ळकाराचा_वकील
अक्षरांचं राहू दे, शब्दांच्या यादीचं बोला. मध्य रेल्वेची तीन स्टेशनं घ्या. वर्णमालेने कल्याण, कसारा, कळवा. नुसतं सॉर्ट मारलं की कल्याण, कळवा, कसारा. का? तर ळ ०९३३ वर, ल ला चिकटून. ह बिचारा ०९३९ वर. ही मांडणी इस्की या जुन्या भारतीय मानकावरून उचलली आणि इस्कीत सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात. शाळेत 'ह, ळ, क्ष, ज्ञ' घोकायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये ळ ला ल च्या वळचणीला बसवायचं!

उपाय आहे. आयसीयूचा कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारा भाग, मराठी लोकेलने उघडा, त्यात ळ ह च्या पुढे जातो. पायथॉनात पाय-आयसीयू घेऊन सॉर्टेडला 'की' म्हणून गेट-सॉर्ट-की द्या.

फास्ट_लोकल
आणि डेटाबेसच्या इंडेक्सचं काय? २०१८ मध्ये लिनक्सच्या मूळ लायब्ररीचं, ग्लिबसीचं, २.२८ आलं, कोलेशनचे (क्रम लावण्याचे) नियम बदलले. पोस्टग्रेसचे इंडेक्स डिस्कवर जुन्याच क्रमाने. असलेली रो सापडेना, युनिक कॉलमात डुप्लिकेट शिरले. सगळं री-इंडेक्स. आयसीयूची आवृत्ती बदलली तरी तीच टांगती तलवार. कोडपॉइंटचा क्रम कधी बदलत नाही, साहेब.

ळकाराचा_वकील
म्हणून कॉलम 'सी' कोलेशनमध्ये (नुसत्या कोडपॉइंटच्या क्रमात) ठेवायचा आणि यादी दाखवताना ऑर्डर-बायला मराठीचं आयसीयू कोलेशन लावायचं. हे माहीत नसेल तर सल्ले देऊ नयेत.

फास्ट_लोकल
भाषा सांभाळा. आणि लाख रो प्रत्येक वेळी मेमरीत सॉर्ट करणार वाटतं?

काना_मात्रा
लाख रो एका पानावर दाखवणार आहात?

नुक्ताचीन
भांडा निवांत. मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी मात्र इकडे बघा. डिफॉल्ट कोलेशन यूटीएफ-८-एमबी-४, ०९०० एआय-सीआय (ॲक्सेंट आणि केस, दोन्हींतला फरक न बघणारं). त्यात 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच! कारण ऱ म्हणजे र अधिक नुक्ता (खालचा ठिपका), आणि नुक्त्याचं वजन तुलनेच्या दुसऱ्या पातळीवर. एआय फक्त पहिली पातळी बघतं. कॉलमवर युनिक की असेल तर दुसरा शब्द आत येत नाही. दोन्ही फरक बघणारं एएस-सीएस लावा. तरी बेफिकीर राहू नका: कुणी तोच शब्द र, हलन्त, झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), या असा टाइप केला असेल, तर जॉइनरला कुठल्याच पातळीवर वजन नसतं आणि एएस-सीएससुद्धा हात टेकतं.

ळकाराचा_वकील
मग ॲ घ्या! ॲन्टॉप हिल तीन प्रकारे लिहितात. चंद्रबिंदू देऊन 'अँटॉप' लिहिलं तर कोडपॉइंटने अंधेरीच्याही आधी. अ वर वेगळा चंद्र दिला तर अ च्या सगळ्या नावांच्या शेवटी. आणि ०९७२ वरचा अखंड ॲ वापरला तर थेट हाजी अलीच्या पुढे, यादीच्या तळाला.

काना_मात्रा
एनएफसी, म्हणजे युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप, करून घ्या की.

नुक्ताचीन
फुकट. ॲ ला डीकम्पोझिशनच (सुट्या भागांत फोड) दिलेलं नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन त्याला शिवत नाही. ऱ जुळतो, ॲ जुळत नाही. डेटा आत घेतानाच अ अधिक चंद्र बदलून ॲ करावा लागतो, मधला जॉइनर काढून. चंद्रबिंदूवाल्याला आपोआप हात लावू नका, नाहीतर 'अँड'चंही भजं होईल.

साइडिंगला_उभा
हे सगळं करून सीएसव्ही दिलीत आणि ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की? सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ची खूण) नसेल तर एका म च्या तीन बाइट्सची तीन परकी चिन्हं दिसतात. पायथॉनात एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. जावात १८ च्या आधी विंडोजवर डिफॉल्ट चारसेट यूटीएफ-८ नव्हता, तिथे फाइल वाचताना चारसेट स्वतः लिहा.

फास्ट_लोकल
बरं, एवढी पंचायत बसलीच आहे तर घ्या: माझ्या उत्तरात 'फक्त ॲनाग्रामसाठी, आणि मात्रा सुट्या मोजल्या तर' अशी ओळ जोडतो. डुप्लिकेट काढायला आणि बायनरी सर्चला कोडपॉइंटच वापरणार, ते सोडत नाही.

काना_मात्रा
त्याला ना नाहीच. मात्र दोन्हीकडे आधी एनएफसी लावा, नाहीतर अखंड ऱ आणि नुक्त्याचा ऱ वेगळे मोजले जातील आणि डुप्लिकेट तसेच राहतील.

ळकाराचा_वकील
आणि क्ष? क खाली की ज्ञ च्या शेजारी? कोशवाल्यांचंच एकमत नाही.

नुक्ताचीन
त्याला वेगळा धागा काढा, हात जोडतो.