ऑनलाइन भाषावर्ग: विद्यार्थ्यांचं समाधान नेमकं मोजायचं कसं?

प्रश्न
विद्यापीठात परकीय भाषेचा ऑनलाइन वर्ग, ३० विद्यार्थी, ६० मिनिटांची तासिका. ‘वर्गाबद्दल समाधानी आहात का?’ याला बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, पण तोंडी परीक्षेत तेच अडखळतात. प्रश्नावलीत काय चुकतंय?

उत्तर १
एकाच प्रश्नात सगळं कोंबलंय. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं वेगवेगळं विचारा. व्याकरणाचा व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहता येतो, म्हणून त्यावर मुलं खूश असतात आणि बोलण्याची तक्रार त्याखाली दडते. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकल मूर यांनी १९८९ मध्ये मांडलेले तीन संवाद इथे फार कामाचे आहेत: विद्यार्थ्याचा पाठ्यसामग्रीशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. प्रत्येकावर ४-५ विधानं, पाच पर्यायांची लायकर्ट श्रेणी (‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’). ‘शिक्षक आणि व्हिडिओ उपयुक्त होते’ असं जोडविधान नको. उत्तर दोन्हींपैकी कशाबद्दल दिलं ते कळत नाही. उलट अर्थाची विधानं असतील तर त्यांचे गुण आधी फिरवून घ्या (५ चा १, ४ चा २), नाहीतर क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, विनाकारण घसरतो. अल्फा ०.७ च्या वर असावा असा संकेत आहे. नुसती सरासरी पाहू नका, कोणत्या पर्यायाला किती जण हे पाहा.

उत्तर २
बोलण्याचा हिशेब मांडा. शिक्षकांनी अर्धी तासिका घेतली तर उरलेल्या ३० मिनिटांत प्रत्येकाला एक मिनिट. तिघातिघांचे गट करून २० मिनिटं दिली तर तेच साडेसहा मिनिटांवर जातं. गटात पाठवण्याआधी काम लेखी द्या, नाहीतर पहिली पाच मिनिटं ‘करायचं काय?’ यातच जातात, तीही मातृभाषेत.

आवाज उशिरा पोचला की दोघं एकदम बोलतात, मग दोघंही गप्प होतात. नवशिक्याला ती स्वतःची चूक वाटते. म्हणून बोलण्याचा क्रम ठरवून द्या. उच्चार मात्र थेट वर्गात तपासू नका: इंटरनेटवरून पाठवताना दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) आवाजात ‘स’ आणि ‘फ’ सारखे ध्वनी बोथट होतात. ६० ते ९० सेकंदांचं ध्वनिमुद्रण मागवा आणि दोनच चुका दाखवा. दहा दाखवल्या तर पुढचं मुद्रण येत नाही.

प्रश्नकर्ता
प्रश्नावली सत्राच्या शेवटीच द्यायची ना?

उत्तर ३
फक्त शेवटी नको. तोवर कंटाळलेले विद्यार्थी वर्ग सोडून गेलेले असतात आणि उरलेल्यांचं समाधान वर्गाचं म्हणून नोंदलं जातं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात छोटी, निनावी फेरी घ्या. गळालेल्यांना वेगळी दोन प्रश्नांची चिठ्ठी पाठवा: कधी सोडलं, कशामुळे? शेवटची फेरी निकालाआधी घ्या, कारण गुण हाती पडल्यावर मत त्यांच्याकडेच झुकतं.

आणि समाधानाचे आकडे तोंडी परीक्षेच्या गुणांशेजारी ठेवून वाचा. सोपा वर्गही आवडतो.