फेथफुल डेटा: मीन लिहू की मीडियन? आणि हिस्टोग्रामचे आकडे हाताने केलेल्याशी जुळत का नाहीत?

पहिला_बेंच
नमस्कार मंडळी, एफवाय बीएस्सीला आहे, स्टॅट्स यावर्षीच घेतलंय. प्रॅक्टिकलला आर या संगणक प्रोग्राममधला फेथफुल नावाचा डेटा दिलाय, म्हणजे अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये ओल्ड फेथफुल म्हणून गीझर (थांबून थांबून उकळतं पाणी उडवणारा झरा) आहे त्याचे 272 उद्रेक, प्रत्येक उद्रेक किती मिनिटं चालला आणि पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटं थांबावं लागलं असे दोन कॉलम. सांगितलंय एवढंच की डेटा दाखवा आणि सारांश लिहा.

उद्रेकाच्या वेळेचा मीन (सरासरी) 3.49 आला, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधली किंमत) 4, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी किती पसरल्यात) 1.14. मीन मीडियनपेक्षा कमी आहे म्हणून निगेटिव्हली स्क्यूड (डावीकडे कललेला) लिहिलं, आणि स्क्यू असेल तर मीडियन द्यायचा असं नोट्समध्ये आहे म्हणून मीडियन दिला. बॉक्सप्लॉटपण (मधल्या अर्ध्या नोंदींचा डबा आणि दोन्ही टोकांना मिशा असा आलेख) तसाच दिसतो, आउटलायर म्हणजे फार दूर पडलेली नोंद एकही नाही. पण हिस्टोग्राम (प्रत्येक वर्गात किती नोंदी ते दाखवणारे स्तंभ) काढला की मधेच मोठा खड्डा पडतो, त्याचं काय करायचं कळत नाहीये.

दुसरं म्हणजे 1.5 पासून अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे वर्ग करून मी वहीत टॅली केली तर 51, 41, 5, 7, 30, 73, 61, 4 असं आलं आणि आर दाखवतंय 55, 37, 5, 9, 34, 75, 54, 3. दोन्हीची बेरीज 272च येते. मग बरोबर कुठलं? उद्या जर्नल सबमिट करायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.

आकडेमोड
तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. दोन्ही बरोबर आहेत. आपल्याला दहावीला शिकवलंय की 2 हा आकडा 1.5 ते 2 मध्ये न धरता 2 ते 2.5 मध्ये धरायचा, वरची मर्यादा पुढच्या वर्गात. आर नेमकं उलटं करतं, वरची मर्यादा त्याच वर्गात ठेवतं. एक्सेलचा हिस्टोग्रामपण तसाच. आता तुझे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ, 51 चे 55 झाले म्हणजे नेमक्या 2 मिनिटांच्या 4 नोंदी इकडून तिकडे गेल्या. तसंच पुढे गेलास की 3.5 च्या 2, 4 च्या 6, 4.5 च्या 8 आणि 5 ची 1 अशा नोंदी निघतात, सगळं तंतोतंत जुळतं. आरच्या हिस्ट या हिस्टोग्राम काढणाऱ्या कमांडमध्ये राइट इक्वल टू फॉल्स टाक, तुझ्या वहीतलेच आकडे येतील. जर्नलमध्ये मात्र कुठली पद्धत वापरली ते एका ओळीत लिहून टाक, म्हणजे तपासणाऱ्याला शंका राहत नाही.

आणि इतक्या नोंदी बरोब्बर सीमेवर का पडल्यात याचंही कारण आहे, या वेळा मुळात सेकंदात मोजल्यात आणि माणसाने मोजल्यामुळे 5 च्या पाढ्यातले सेकंद जरा जास्तच आलेत. आरच्या हेल्प पेजवरच दिलंय ते, वाच जरूर. डेटा कोणी कसा मोजला हे वाचल्याशिवाय ग्राफ काढायला बसूच नये असं माझं ठाम मत आहे.

पहिला_बेंच
वा, हे कळलं एकदम. थँक्यू दादा. पण वर्ग किती करायचे ते सांगणाऱ्या स्टर्जेसच्या सूत्राने 9 च्या आसपास वर्ग येतात आणि आरने 8 केले, ते?

आकडेमोड
आर सूत्राने 10 काढतं (वरच्या पूर्णांकावर नेऊन) आणि मग सीमा गोल आकड्यांवर येतील असे वर्ग पाडतं, म्हणून अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे 8. चालतं, त्यात काही बिघडत नाही.

मधली_सुट्टी
मी ज्युनिअर कॉलेजला स्टॅट्स शिकवते, तुझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण दरवर्षी पोरं इथेच अडकतात. मीन छोटा मीडियन मोठा म्हणून निगेटिव्ह स्क्यू, हा नियम एकाच उंचवट्याच्या डेटासाठी ठीक आहे, म्हणजे एक ढीग आणि त्याची शेपटी डावीकडे लांबलेली. तुझ्याकडे शेपटी नाहीये बाळा, तुझ्याकडे दोन ढीग आहेत! एक 2 मिनिटांच्या आसपास आणि दुसरा सव्वाचार-साडेचारच्या आसपास. तुझीच टॅली बघ, 3 ते 3.5 मध्ये 272 पैकी फक्त 7 उद्रेक आहेत आणि तुझा मीन 3.49 नेमका त्यातच बसलाय. म्हणजे "सरासरी उद्रेक साडेतीन मिनिटांचा" असं लिहिलंस तर जो उद्रेक जवळपास होतच नाही त्याचंच वर्णन केल्यासारखं होतं. मीडियन 4 त्यातल्या त्यात मोठ्या ढिगाच्या जवळ आहे, पण छोटे उद्रेक असतात हे त्यावरून कळेल का कुणाला? नाही ना.

बॉक्सप्लॉटचं तेच. डबा 2.16 पासून 4.45 पर्यंत, मधे 4 वर रेघ, मिशा 1.6 आणि 5.1 ला. जॉन टुकी या संख्याशास्त्रज्ञाने बॉक्सप्लॉट शोधून काढला, तो चार-पाच गट शेजारी ठेवून पटकन तुलना करायला फार उपयोगी आहे, मी स्वतः कायम वापरते, पण त्यात पाचच आकडे असतात, मधला खड्डा त्यात मावतच नाही. जिथे नोंदी जवळपास नाहीतच तिथेही डबा भरलेला दिसतो. म्हणून एकट्या बॉक्सप्लॉटवर कधी निष्कर्ष काढायचा नाही.

वर्गांची रुंदीपण खेळवून बघ. एक एक मिनिटाचे वर्ग केलेस तर 92, 12, 103, 65, खड्डा अजून दिसतोय. दोन दोन मिनिटांचे केलेस तर 104 आणि 168, खड्डा गायब! डेटा तोच, नोंद एकही बदलली नाही. त्यामुळे सूत्राने आलेले वर्ग घेऊन थांबू नकोस, दोन-तीन रुंद्या करून बघ आणि जे प्रत्येक वेळी दिसतं त्यावर विश्वास ठेव.

परदेशी_पाखरू
मी अमेरिकेतच असतो, यलोस्टोनला जाऊन आलोय म्हणून थोडं लिहितो. तिथे पुढचा उद्रेक साधारण किती वाजता होईल ते लावलेलं असतं, अधिक-उणे 10 मिनिटं धरून, आणि तो अंदाज ते लोक आधीचा उद्रेक किती वेळ चालला यावरून काढतात. छोटा उद्रेक झाला की खालचं पाणी पूर्ण रिकामं होत नाही, उष्णता शिल्लक राहते, त्यामुळे पुन्हा लवकर उडतो. मोठा झाला की परत भरायला आणि तापायला वेळ लागतो. तुझा दुसरा कॉलम त्याचाच आहे, दोन्हीचा स्कॅटरप्लॉट (प्रत्येक उद्रेकाचा एक ठिपका) काढ, दोन पुंजके वेगळे दिसतील. पहिल्या दोनच ओळी बघ ना, 3.6 मिनिटं चालला आणि 79 मिनिटं थांबले, 1.8 चालला तर 54.

पहिला_बेंच
स्कॅटरप्लॉट काढला, खरंच दोन पुंजके आलेत. भारीच वाटलं बघून. मग ताई, सारांशात लिहू काय नक्की? मीन-मीडियन दोन्ही काढून टाकू का?

मधली_सुट्टी
काढू नकोस, पण पहिलं वाक्य आकाराचं येऊ दे, दोन शिखरं आहेत आणि मधे 3 मिनिटांच्या आसपास नोंदी फार थोड्या. मग 3 मिनिटांवर भाग पाड. लहान उद्रेक 97, त्यांचा मीन 2.04 आणि एसडी 0.27. मोठे 175, मीन 4.29, एसडी 0.41. त्यानंतर थांबण्याची वेळ, लहाननंतर सरासरी 54.5 मिनिटं आणि मोठ्यानंतर 80. बघ, एसडी 1.14 वरून कुठे आला ते! त्या 1.14 मध्ये बराचसा भाग दोन ढिगांमधल्या अंतराचाच होता, एकेका ढिगात उद्रेक तसे एकमेकांच्या खूप जवळ आहेत.

एकत्रित मीन-मीडियन शेवटी एका ओळीत दे आणि ते एकटे का पुरत नाहीत ते तुझ्या शब्दांत लिही. निगेटिव्हली स्क्यूड मात्र खोड. आणि 3 मिनिटंच का घेतली असं व्हायवात विचारतील, तर हिस्टोग्रामवर बोट ठेवून दाखव, 2.5 ते 3.5 या पूर्ण पट्ट्यात मिळून 12च नोंदी आहेत, रेघ थोडी इकडेतिकडे सरकली तरी फारसा फरक पडत नाही.

आकडेमोड
ताईंनी सांगितलंय त्यात एकच भर, अक्षांवर मिनिटं असं एकक लिहायला विसरू नकोस, आणि दोन्ही गटांचे हिस्टोग्राम वेगळे काढणार असशील तर आडवा अक्ष दोन्हीकडे सारखा ठेव.