१४२८५७: गुणधर्म संख्येचे की आपल्या लिहिण्याचे?

मूळअवयव:
१४२८५७ ही हर्षद संख्या, कापरेकर संख्या, चक्रीय संख्या, अशी यादी नेहमी वाचायला मिळते. माझ्या मते यातलं एकही वर्गीकरण त्या संख्येचं नाही. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी. इथे बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७. मान्य. आता हीच संख्या अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पायात (फक्त ० ते ७ हे अंक वापरून) लिहा: ४२७०११. बेरीज १५, आणि १५ ने भाग जात नाही. संख्या तीच, हर्षदपण गेलं!
३³ × ११ × १३ × ३७ हे अवयव मात्र कसंही लिहा, तेच राहतात. विभाजक ३२, स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ११२५०३, संख्येपेक्षा कमी, म्हणून न्यून संख्या. याला मी वर्गीकरण म्हणतो.

शेषफळ:
हर्षदबद्दल सहमत. चक्रीयबद्दल अजिबात नाही. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, सहापटीपर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरतात. का, ते १ भागिले ७ (०.१४२८५७१४२८५७…) कागदावर मांडून पाहा. बाकी येते ३, २, ६, ४, ५, १. शून्य सोडून सातच्या सगळ्या बाक्या एकेकदा येऊन गेल्या की मगच फेरी पुरी होते. १३ ने भागलं तर बारापैकी सहाच बाक्या येतात. ७, १७, १९, २३, २९ यांच्यात पूर्ण फेरी होते. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? गणिती आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अटकळीनुसार आहेत, पण सिद्धता अजून नाही. याला अंकांची गंमत म्हणून कसं सोडायचं?

मूळअवयव:
पण हे नातं १० आणि ७ यांचं झालं. सोळाच्या पायात १/७ चं आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकगट) तीनच अंकांचं. मग बिल्ला १४२८५७ ला का?

भागाकार:
कापरेकरांचं राहिलंच. वर्ग दोन तुकड्यांत तोडून बेरीज केली की मूळची संख्याच परत मिळते, ती कापरेकर संख्या. वर्ग २०४०८१२२४४९; तोडून २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. मला हा बराच काळ योगायोग वाटायचा. पण १४२८५७ × ७ = ९९९९९९ आणि १४२८५६ = ७ × २०४०८. म्हणजे
१४२८५७² = १४२८५७ × (७ × २०४०८ + १) = ९९९९९९ × २०४०८ + १४२८५७.
९९९९९९ म्हणजे दहा लाख वजा एक, म्हणून वर्गाच्या पुढच्या भागात २०४०८ उरतात आणि मागच्या भागातून तेवढेच वजा होतात. गणिती इयानुची यांनी २००० मध्ये दाखवलं की सगळ्याच कापरेकर संख्या ९९, ९९९ अशा संख्यांच्या अवयवांतून मिळतात. तुमचे आवडते अवयवच आहेत हे!

मूळअवयव:
ही मांडणी सुंदर आहे. कापरेकर संख्यांबद्दलचा शब्द मागे घेतो. तरी अष्टमानात ९९९९९९ ची जागा ७७७७७७ घेणार, आणि तिचे अवयव वेगळे. त्यामुळे नावाआधी ‘दहाच्या पायात’ हे लिहायलाच हवं. हर्षदबद्दल माझं मत तेच.

शेषफळ:
‘दहाच्या पायात’ मंजूर.