नव्या वर्षात शास्त्र हातातून सुटू नये म्हणून: इंदूरच्या मराठी घरांचे अनुभव

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनाचा नेम धरला जातो आणि बहुतेक घरांत तो फेब्रुवारीत मोडतो. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांना आणखी एक पेच असतो. चर्चमध्ये गीतं, वाचन, उपदेश सगळं हिंदीत. मराठी शास्त्र उघडतं ते फक्त घरी. घरचा नेम मोडला की मराठी वचन कानावर पडणंच बंद होतं. साक्षी आपण मंडळीत देतोच. म्हणून घराघरांना सांगितलं, इथे कृती लिहा: किती, कधी, कुठे अडतं, का अडतं.

लोकमान्य नगरहून

आधी हिशेब. जुन्या करारात 929 अध्याय, नव्यात 260, एकूण 1,189. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर आठवड्याला 23 होतात, 52 आठवड्यांत 1,196. म्हणजे वर्षभरात शिल्लक उरते जेमतेम सात अध्यायांची. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले की ती संपली. नेम मोडतो तो इथे, आणि माणूस श्रद्धा कमी पडली म्हणून स्वतःलाच दोष देत बसतो.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी फक्त नवा करार घ्यावा. 260 अध्याय म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज एक, बरोबर 52 आठवडे. शनिवार राहिलेलं भरून काढायला, रविवार चर्चमधल्या वाचनाला. तक्त्यावर तारखा छापू नका, नुसते चौकोन ठेवा. तारीख चुकली की मन खट्टू होतं. चौकोन वाट बघत थांबतो.

विजय नगरहून

संपूर्ण शास्त्र घेणाऱ्यांसाठी एक भर. वरच्या गतीने उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय जानेवारीअखेर संपतात आणि लेवीय समोर येतं. लेवीय व गणना मिळून 63 अध्याय, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. सर्वांत जास्त लोक इथेच थांबतात, कारण होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण यांतला फरक न कळता वाचत राहतात. पहिले सात अध्याय वाचताना वहीत पाच ओळी आखा, प्रत्येक अर्पणाला एक, आणि तीत लिहा: काय आणायचं, कशासाठी, वेदीवर काय जळतं, उरलेलं कोण खातं. सोळावा अध्याय, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, वाचला की त्याच दिवशी इब्री लोकांस पत्राचा नववा आणि दहावा वाचा. मग लेवीय कोरडं राहत नाही. गणनेचा सातवा अध्याय 89 वचनांचा आहे आणि बारा वंशांची तीच अर्पणं बारा वेळा येतात. तो एकट्याने डोळ्यांनी वाचू नका, घरातल्यांनी एकेक सरदार वाटून मोठ्याने वाचा.

सुदामा नगरहून, शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या ताई

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपली मुलं देवनागरी वाचतात, पण हिंदीच्या सवयीने. चर्चमध्ये 'व्यवस्थाविवरण 6' पुकारलं की मराठी शास्त्रात शोधताना ती हरवतात, कारण आपल्याकडे त्याचं नाव 'अनुवाद', आणि अनुवाद म्हणजे त्यांच्या लेखी भाषांतर. 'भजन संहिता' म्हणजे आपली स्तोत्रसंहिता. घरात 'भजन' म्हटलं की मुलं गाण्याचं पुस्तक काढतात. न्यायियों म्हणजे शास्ते, अय्यूब म्हणजे ईयोब, श्रेष्ठगीत म्हणजे गीतरत्न, पतरस म्हणजे पेत्र, प्रकाशितवाक्य म्हणजे प्रकटीकरण. एका कागदावर दोन रकाने करा, डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी, जुन्या करारातल्या पुस्तकांची 39 आणि नव्यातल्यांची 27 नावं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवा. क्रम दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे मुलं तीनचार रविवारांत सरावतात.

पुस्तकांच्या नावांहून शब्द जास्त फसवतात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 3:16 मध्ये, हिंदीत 'धर्म की शिक्षा' येते. घरात मराठी ऐकलेल्या मुलाला शिक्षा म्हणजे मार. मराठीत तिथे 'नीतिशिक्षण' आहे. उलट बाजूने 'तारण': हिंदीवर वाढलेल्या मुलाला तो शब्दच माहीत नसतो, आणि मोठ्यांना सोनेतारण आठवतं. हिंदीत उद्धार, अनुग्रह, धर्मी. मराठीत तारण, कृपा, नीतिमान. अशा जोड्या वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून घ्या, महिन्याला दोन पुरेत. एक सावधगिरी: दोन्ही शास्त्रं एकाच बैठकीत ओळीला ओळ लावून वाचू नका. तुलना होते, वाचन होत नाही. आधी मराठी पूर्ण, मग अडलेलं एखादंच वचन हिंदीत पाहा.

पलासियाहून

नववर्षाला चिठ्ठीसारखं वचनाचं कार्ड काढतात त्याबद्दल. यिर्मया 29:11, म्हणजे देव भविष्याची आशा देतो ते वचन, हजारो घरांच्या भिंतीवर आहे, पण दहावं वचन कोणी लावत नाही. ते म्हणतं, बाबेलात 70 वर्षं जातील. आधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका होईल असं सांगतो आणि तो खोटा ठरतो. परदेशी नेलेल्या लोकांना यिर्मयाचं पत्र सांगतं की घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे वाचलं की अकराव्या वचनातली आशा कमी होत नाही, उलट तिला बूड मिळतं. म्हणून कोणतंही कार्ड आलं तरी तो अख्खा अध्याय आणि त्याआधीचा एक, दोन्ही वाचा. कार्डाच्या मागे लिहा: हे कोणाला सांगितलं, कोणत्या प्रसंगी, सोबत आज्ञा कोणती. फिलिप्पैकरांस 4:13 (सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो) आलं तर 11 आणि 12 नक्की. तिथे टंचाईतही राहायला शिकल्याची गोष्ट आहे, परीक्षेत पहिला नंबर येण्याची नाही.

रामबागहून

कुटुंबप्रार्थना पंधरा मिनिटांची ठेवा. गीताची दोन कडवी, बारा ते वीस वचनं, एकच प्रश्न, प्रत्येकाची दोनतीन वाक्यांची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. तीस मिनिटांची केली की मुलं डोळे मिटून झोपतात आणि मोठे उपदेश करू लागतात. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' घरी मराठीतच म्हणा. चर्चमध्ये ती हिंदीत होतेच. गीतांमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांची घ्यावीत. त्यांच्या अभंगांच्या चाली पेटीशिवायही धरता येतात.

बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या काळात वेळ बदलू नका, मजकूर कमी करा: रोज एक स्तोत्र, बस्स. रात्री दहानंतर ढकललेली प्रार्थना चार दिवसांत बंद पडते.

कॅथलिक घरातून, मनोरमागंज

आमचं उपासनावर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणून जानेवारीत वेगळी योजना आखावी लागत नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात: मत्तय, मार्क, लूक. रोजच्या मिस्साचं (चर्चमधल्या उपासनेचं) पहिलं वाचन सामान्य काळात, म्हणजे आगमन, नाताळ, उपवास आणि ईस्टरचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, दोन वर्षांच्या चक्राचं, विषम आणि सम वर्षांचं वेगळं. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की सामान्य काळातलं रोजचं शुभवर्तमान मार्कच्या पहिल्या अध्यायापासून सुरू होतं. सुरुवातीला तेच धरा. आधी एका बैठकीत मार्क सलग वाचून काढा, दीड तास लागतो. मग रोजचे छोटे भाग जागेवर बसतात. भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या 46 दिवस आधी, उपवासकाळ लागतो आणि हा क्रम तुटतो. खूण घालून ठेवा.

तिलक नगरहून

पाठांतरासाठी फिलिप्पैकरांस पत्र. 30, 30, 21, 23 मिळून 104 वचनं. आठवड्याला दोन म्हणजे बरोबर वर्षभर. सोमवारी नवी दोन मोठ्याने दहा वेळा, गुरुवारी न बघता लिहून, रविवारी मागच्या चार आठवड्यांची आठ एकत्र. उजळणी टाळली की तिसऱ्या महिन्यात पहिला अध्याय विसरतो. आमचे वडीलधारे वचनाला 'ओवी' म्हणत, आणि म्हणून दाखवताना खरोखर लय धरत. मुलांना तसंच शिकवा.

खुणा करायला पेन्सिल किंवा कोरडा रंगखडू घ्या. जेल पेन शास्त्राच्या पातळ कागदातून मागच्या पानावर उतरतं.