नागपूरकरांचे टॉकीजला जाणे कमी का झाले?

प्रश्न : धरमपेठकर

व्हरायटी चौक आणि पंचशील चौक ही नावे ज्या शहरात टॉकीजवरून पडली, त्या नागपुरात घरातल्या चौघांनी मिळून सिनेमाला जाण्याचा बेत आता महिनोन्महिने ठरत नाही, असे मी नात्यात आणि शेजारात पाहतो आहे. मोबाइलवर सगळे मिळते, हे कारण जो तो देतो. मला ते अपुरे वाटते. दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, केबल आली, तरी टॉकीज भरत होत्या. मग या वेळी नेमके काय बदलले? व्यवसायाची माहिती असलेल्यांनी, आणि ज्यांनी जाणे सोडले त्यांनीही, कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : मानेवाडा रोड

आमच्याकडे हिशेबच आडवा येतो. जुन्या टॉकीजमध्ये स्टॉल आणि बाल्कनी असे दरांचे टप्पे असत, त्यामुळे रिक्षाचालक आणि डॉक्टर एकाच खेळाला आपापल्या ऐपतीच्या खुर्चीवर बसत. मॉलमध्ये ती खालची पायरीच राहिली नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीचे, म्हणजे पीव्हीआर आयनॉक्सचे, २०२३-२४ या वर्षातले सरासरी तिकीट सुमारे २५९ रुपयांचे होते आणि खाण्यापिण्यावर दर प्रेक्षकामागे आणखी सव्वाशेच्या वर खर्च होत होता. चार माणसे धरली की दीड हजार रुपये गेलेच, पार्किंग वेगळे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई करण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. पिण्याचे पाणी मात्र मोफत द्यावे लागते. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्यापुढच्या तिकिटावर १८ टक्के कायम आहे. रविवारी संध्याकाळी मॉलमध्ये जाणाऱ्या कुटुंबाला या सवलतीचा काहीही उपयोग नाही.

प्रतिसाद : जुना वितरण कर्मचारी, सदर

धरमपेठकर, तुमची शंका रास्त आहे. मी अनेक वर्षे एका वितरकाच्या कार्यालयात काम केले आहे, त्यामुळे पडद्यामागची बाजू मांडतो.

२००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून वाद झाला आणि सुमारे दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. जो तोडगा निघाला, त्यात कर वजा जाता पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नातला ५० टक्के, दुसऱ्याच्या ४२.५, तिसऱ्याच्या ३७.५ आणि पुढे ३० टक्के वाटा वितरकाकडे जाईल असे ठरले. म्हणजे वितरकाचा सगळा जीव पहिल्या आठवड्यात अडकला. जाहिरातीचा पैसा शुक्रवार ते रविवार या पहिल्या तीन दिवसांवर ओतला जातो, आणि सोमवारी गर्दी ओसरली की मल्टिप्लेक्स पुढच्या शुक्रवारी त्याचे खेळ कापून नव्या चित्रपटाला देते. पूर्वी चित्रपट आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून असे. शेजारीण सांगे, कार्यालयात चर्चा होई, मग तिसऱ्या आठवड्यात आपण जात असू. आता सिनेमा चांगला आहे हे कळेपर्यंत उरलेला एकमेव खेळ सकाळी दहाचा असतो, आणि त्या वेळी नोकरदार माणूस जाणार कसा? राष्ट्रीय साखळ्या हिंदी चित्रपट ओटीटीवर येण्याआधी आठ आठवड्यांचे अंतर मागतात, पण चित्रपट पडद्यावर दोनच आठवडे टिकत असेल तर उरलेले सहा आठवडे प्रेक्षकाने वाट पाहण्यातच काढायचे. ओटीटीने प्रेक्षक ओढून नेला, यापेक्षा आपणच त्याला वाट पाहायला शिकवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी चित्रपटाचे दुखणे आणखी वेगळे आहे. वितरणाच्या नकाशावर नागपूर मुंबई विभागात येत नाही, ते सी. पी. बेरार (जुना मध्य प्रांत व वऱ्हाड) या सर्किटमध्ये, म्हणजे वितरण विभागात, आहे, ज्यात विदर्भाबरोबर जबलपूर आणि रायपूरही येतात. मुंबई-पुण्यात चांगला चाललेला चित्रपट इथे मोजक्या खेळांवर भागवला जातो, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रतिसाद : प्रतापनगर

एक कारण राहिले. मे महिन्यातल्या दुपारी वातानुकूलित टॉकीजचे आकर्षण काय होते, हे नागपूरकराला सांगायला नको. घरोघरी एसी आल्यावर मॅटिनीचा तो प्रेक्षक गेला.

धरमपेठकर

सर्वांचे आभार. दर कमी केले तर लोक खरोखर परततील का, एवढेच अजून विचारतो.

जुना वितरण कर्मचारी, सदर

२३ सप्टेंबर २०२२ रोजी देशभरातल्या बहुतेक मल्टिप्लेक्सनी ७५ रुपयांत तिकीट दिले, तेव्हा त्या एका दिवसात सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले. तो शुक्रवार होता, सुटीचा दिवस नव्हता. अलीकडे काही साखळ्या मंगळवारी स्वस्त तिकिटे देतात, परंतु शाळा, शिकवणी आणि नोकरी असलेल्या घराला मंगळवार जमत नाही. पुढच्या चार रांगा रोज, रविवारीसुद्धा, शंभराच्या आत ठेवल्या तर करही ५ टक्केच लागेल आणि स्टॉलचा प्रेक्षक पुन्हा आत येऊ शकेल. त्या रांगा आज बहुतेक खेळांना रिकाम्याच असतात.